टाहोला गेलं की इंजिन टाहो फोडतं, पंखा कुठला घेऊ?

काका नमस्कार,
आम्ही तीन मित्रांनी मिळून गेल्या वर्षी एक जुनी वेकसर्फ बोट घेतली, म्हणजे जिच्या मागे उठणाऱ्या लाटेवर सर्फिंग करतात ती. २०१३ ची, २२ फुटी, व्ही-ड्राइव्ह (म्हणजे इंजिन बोटीच्या मागच्या टोकाला), ५.७ लिटरचं पेट्रोल इंजिन. इथल्या कॅलिफोर्नियाच्या डेल्टात, नद्यांच्या मुखाकडच्या पाण्यात, डिस्कव्हरी बेच्या बाजूला एकदम मस्त चालते. जुलैमध्ये डोंगरातल्या लेक टाहोला नेली, लाट मोठी व्हावी म्हणून बोटीतल्या टाक्या आणि वरच्या दोन बॅगा मिळून ३००० पाउंड पाणी भरलं, आम्ही नऊ जण, आणि बोट उठेचना. नाक आकाशात, थ्रॉटल पूर्ण पुढे, टॅकोमीटर ३३०० वर अडकलेला आणि स्पीड ९ मैलांच्या पुढे जाईना. नुसतं इंजिन ओरडतंय. पोरं हिरमुसली. दुकानदार म्हणतो पंखा, म्हणजे प्रॉपेलर, बदला. एक पार्टनर म्हणतो पिच, म्हणजे पात्यांचा पीळ, वाढव म्हणजे स्पीड वाढेल, दुसरा म्हणतो तीन पात्यांचा घे, हलका पडतो. आत्ताच्या पंख्यावर १४.५ × १४.२५ असं कोरलंय, चार पाती. रिकामी बोट डेल्टात फुल थ्रॉटलला ४७०० आरपीएम आणि ३८ मैल दाखवते, टाहोला ४३०० च्या वर गेली नाही. मॅन्युअलमध्ये फुल थ्रॉटलला ४६०० ते ५००० लिहिलंय. काय घेऊ? आणि जुना पंखा विकून टाकू का?
– बोट घेऊन बसलेला फ्रीमाँटकर

अरे फ्रीमाँटकरा,

आधी तुझं कौतुक करतो, कारण मला येणाऱ्या दहा पत्रांतल्या नऊ पत्रांत "काका बोट ओढत नाही, काय करू" एवढंच असतं, ना आरपीएम, ना पंख्याचा आकार, आणि मग मी इथे बसून काय कपाळ बघणार. तू सगळे आकडे दिलेस. तुझं उत्तर त्या आकड्यांतच आहे, फक्त तुम्ही तिघं ते तीन वेगवेगळ्या बाजूंनी वाचताय.

पिच वाढव म्हणणाऱ्या पार्टनरला चहा पाजून गप्प बसव. तो स्पीडबोटीचा विचार करतोय. तुमची बोट दिसायला स्पीडबोट असली, सोफे आणि स्पीकर लावलेली असली, तरी सर्फिंगच्या वेळी ती ट्रॉलर असते ट्रॉलर. हे मी उगाच म्हणत नाही. माझ्या वडिलांचे मामेभाऊ रत्नागिरीला मिरकरवाड्यात तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे कप्तान, होते, सुट्टीत मी तिकडेच पडीक असायचो, आणि बंदरात ट्रॉलर डागडुजीला वर ओढला की खाली जाऊन तो पंखा बघायचा हा आमचा उद्योग. केवढा मोठा पंखा! माझ्या तेव्हाच्या छातीपर्यंत यायचा. इंजिन म्हणजे ट्रकचंच, अशोक लेलँडचं सहा सिलेंडरचं, पण मध्ये गिअरबॉक्स बसवून फेरे चांगले कमी केलेले, म्हणजे पंखा मोठा आणि सावकाश फिरणारा. मी एकदा काकांना विचारलं की लहान पंखा लावून जोरात फिरवला तर बोट जोरात नाही का पळणार. ते म्हणाले, जाळं पाण्यात असताना पळायचंय कुणाला, ओढायचंय.

तुमचं जाळं म्हणजे ते ३००० पाउंड पाणी. गॅलनला ८.३४ पाउंड धरले तर ३६० गॅलन झालं, त्यात नऊ माणसं म्हणजे आणखी दीडेक हजार पाउंड, म्हणजे बोटीचं स्वतःचं जेवढं वजन त्याच्या आसपास तुम्ही वरून लादलंत, आणि वर तिने १०-११ मैलांच्या स्पीडने चालत मागे खड्डा पाडून लाट करावी अशी अपेक्षा. सर्फिंगचा स्पीड तेवढाच असतो. ३८ मैल तुम्ही वर्षातून किती वेळा जाता? घरी परत येताना, तेही कुणाला तरी वारा खायचा असतो म्हणून. पंखा निवडायचा तो त्या ११ मैलांसाठी.

आता तुझे आकडे बघू. १४.५ म्हणजे व्यास, इंचात. १४.२५ म्हणजे पिच, म्हणजे पंखा लोण्यात स्क्रूसारखा फिरला असता तर एका फेऱ्यात किती इंच पुढे गेला असता ते. पाणी लोणी नाही, त्यामुळे तो तेवढा जात नाही, जो फरक पडतो त्याला स्लिप म्हणतात. हिशोब सोपा आहे, इंजिनचे आरपीएम गुणिले पिच, भागिले १०५६ गुणिले गिअर रेशो, की मैलांत स्पीड येतो. गिअर रेशो तू लिहिला नाहीस, तो गिअरबॉक्सवरच्या पट्टीवर असतो, आत्तापुरता दीड धरतो. डेल्टात रिकामी असताना ४७०० गुणिले १४.२५ भागिले १५८४, म्हणजे ४२ मैल व्हायला हवे होते, मिळाले ३८, स्लिप १० टक्के. झकास. म्हणजे पंखा धड आहे, वाकलेला-बिकलेला नाही आणि मॅन्युअलच्या पट्ट्यातही बसतोय. आता टाहोला भरलेली असताना ३३०० वर कागदावर येतात जवळजवळ ३० मैल आणि तुम्हाला मिळाले ९. सत्तर टक्के स्लिप! म्हणजे पंखा पाणी घुसळत बसलाय, ताक करतोय, आणि बोट जागेवर नाक वर करून उभी.

पण यातली खरी गोम स्लिपमध्ये नाही, भरलेल्या सर्फ बोटीत स्लिप निम्म्याच्या वर जाणारच. गोम आहे ३३०० मध्ये. थ्रॉटल पूर्ण उघडा आहे आणि इंजिनला ३३०० च्या वर जाताच येत नाहीये, म्हणजे इंजिन दमलंय, त्याला हा पंखा या ओझ्याखाली फिरवणं झेपत नाही. गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकून खंडाळ्याचा घाट चढवायला बघितलं तर जे होईल तेच. याच्या उलट आरपीएम भसकन ५००० ला गेले असते आणि बोट तरी हलली नसती, तर मी म्हणालो असतो की पंख्याला हवा मिळतेय किंवा पात्याची धार गेलीय किंवा काहीतरी गुंडाळलंय. दोन्हीत बोट उठत नाही, पण औषध एकदम उलट. तुझं पहिलं आहे. आणि तू पिच वाढवलास की तुझं इंजिन पाचव्यातून सहाव्या गिअरमध्ये गेलं, घाट तोच.

मग डेल्टात का चालते? कारण डेल्टा समुद्रसपाटीला आहे, तिथे भरती-ओहोटीसुद्धा येते, आणि टाहोचं पाणी आहे ६२२५ फुटांवर. साध्या इंजिनची ताकद दर हजार फुटाला ढोबळ ३ टक्क्यांनी कमी होते, कारण हवा विरळ. म्हणजे टाहोला तुझं इंजिन १८-१९ टक्के ताकद घरी ठेवून आलेलं असतं. समजा तुझं इंजिन ३५० हॉर्सपॉवरचं आहे, तर वर ते २८५ च्या आसपास उरतं. आणि पाणी? पाणी वरही तेवढंच जड. हे लोकांच्या लक्षात येत नाही, त्यांना वाटतं डोंगरावर सगळंच हलकं होतं. (हवा दाबून आत भरणारं सुपरचार्जरवालं इंजिन असतं तर एवढा फटका बसला नसता, पण २०१३ च्या साध्या ५.७ ला तो बसतोच.)

म्हणजे काय करायचं, तर पिच कमी. पिच एक इंच कमी केला की फुल थ्रॉटलचे आरपीएम दीडशे ते दोनशेनी वाढतात असा अंदाज सगळे धरतात. तुझी रिकामी बोट टाहोला ४३०० ला थांबते, पट्टा सुरू होतो ४६०० ला, म्हणजे कमीत कमी ३०० हवेत. दोन इंच उतर. १२.२५ च्या आसपास ये. चार पातीच ठेव, व्यास १४.५ असू दे किंवा जागा असेल तर १५ घे, जागेचं खाली सांगतो. १५ घेतलास तर पिच १२ पर्यंत उतरव, कारण व्यास वाढला की इंजिनवर ओझं वाढतं, अर्धा इंच व्याससुद्धा बऱ्यापैकी पिच खाऊन टाकतो.

"पण काका मग डेल्टात टॉप स्पीड जाईल!" जाईल. किती जाईल ते बघ. डेल्टात आरपीएम ४७०० वरून ५०५० च्या आसपास जातील, १२.२५ पिचने आणि त्याच १० टक्के स्लिपने येतात ३५ मैल. तीन मैल गेले. तीन! ज्याला त्या तीन मैलांचं दुःख होतंय त्याला सांग की लाट मिळाल्यावर बोल. फक्त एक पथ्य, ५०५० म्हणजे तुझ्या मॅन्युअलच्या पट्ट्याच्या जरा वर, म्हणून डेल्टात रिकामी बोट घेऊन थ्रॉटल पार टोकाला दाबून बसायचं नाही. तसं करायची हौस असेल तर त्या दिवशी जुना पंखा लाव.

तीन पात्यांबद्दल. दुसरा पार्टनर अगदीच चूक नाही, तीन पात्यांचा पंखा पाण्याला कमी अडतो आणि वरच्या स्पीडला बरा असतो, स्कीइंगच्या जुन्या बोटींना तेच असायचे. पण चार पाती म्हणजे पाण्याला धरायला जास्त पृष्ठभाग, खालून उचलायला बरं, आणि बोट कमी थरथरते. सर्फिंगला चारच.

आता एक शब्द तुला दुकानात ऐकू येईल, कप. पात्याच्या मागच्या कडेला जो बारीकसा ओठ वळवलेला असतो तो. ढोकळ्याच्या ताटाची कड कशी थोडी वर वळलेली असते तसा, फक्त खूप बारीक, साधारण इंचाचा दहावा भाग. त्याने पातं पाण्याला घट्ट पकडतं, वळताना हवा लवकर शिरत नाही. पण कप म्हणजे चोरून वाढवलेला पिच समज, जास्त कपचा पंखा घेतलास तर आरपीएम खाली येणार. म्हणून दोन पंख्यांचा पिच सारखा दिसला तरी कप वेगळा असेल तर ते सारखे नाहीत, हे विचारून घे. या बोटींचे पंखे मुख्यतः ॲक्मी आणि ओजे या दोन अमेरिकन कंपन्यांचे मिळतात, दोन्ही चांगले, मशीनवर कोरून काढलेले, निकेल-ॲल्युमिनियम-ब्राँझचे. त्यांना इंजिन, गिअर रेशो, फिरण्याची दिशा, शाफ्टची (पंखा बसतो त्या दांड्याची) जाडी, फुल थ्रॉटलचे आरपीएम आणि तलावाची उंची सांगितलीस की ते नंबर काढून देतात, फोनवरच. नवीन पंखा पाचशे ते सातशे डॉलरच्या घरात जातो. म्हणून अंदाजपंचे घेऊ नकोस, आणि काही दुकानं ट्रायलला देतात, परत नेला तर घेतात, तशी सोय आहे का ते आधी विचार, पण एक ओरखडा उठला की तो तुझा.

दिशा हा विषय मी मुद्दाम वेगळा घेतो कारण इथे लोक सातशे डॉलर पाण्यात घालतात. पंखा डावा किंवा उजवा असतो. बोटीच्या मागे उभं राहून बघितलं आणि पुढे जाताना घड्याळाच्या काट्यासारखा फिरला तर उजवा, उलटा फिरला तर डावा. बऱ्याच व्ही-ड्राइव्ह बोटींना डावा असतो पण बऱ्याच म्हणजे सगळ्या नाहीत. हबवर, म्हणजे पंख्याच्या मधल्या भागावर, कोरलेलं असतं, नीट पुसून बघ, आणि खात्री हवी तर सरळ उभ्या बोटीला रिव्हर्स टाक, बूड उजवीकडे ओढलं गेलं तर डावा पंखा, डावीकडे गेलं तर उजवा. वाचून विसरलास तरी चालेल पण ऑर्डर देताना आठव.

शाफ्टचंही तेच. तुझ्या वयाच्या बोटीला बहुधा एक इंच एक सूत जाडीचा शाफ्ट असेल, पण नव्या जड बोटींना जाडजूड शाफ्ट येतात, त्यामुळे मोजल्याशिवाय बोलायचं नाही. आणि मी म्हटलं तशी जागा मोज, पंख्याच्या टोकापासून बोटीच्या तळापर्यंत. व्यासाच्या १० ते १५ टक्के जागा हवी, म्हणजे साडेचौदाला दीड ते दोन इंच. बोट ट्रेलरवर असताना एक पातं सरळ वर करायचं आणि टोक ते तळ यात पट्टी घालायची, पाच मिनिटांचं काम. १५ चा घेतलास तर ही जागा पाव इंचाने कमी होते. कमी पडली की दर पात्याचा ठोका तळाला बसतो, बोटीत बसलेल्याला पायाखाली भुंगा शिरल्यासारखं वाटतं, आणि ते वर्षानुवर्षं सहन करणारे महाभाग मी बघितलेत.

पंखा यायच्या आधी मात्र फुकटातले उपाय कर. मला विचारशील तर निम्मी कामं त्यानेच होतात. टाहोला टाक्या पूर्ण भरूनच निघायचं असा कुणी कायदा केलेला नाही. मागच्या टाक्या अर्ध्या ठेव, बोट स्पीडला आली की मग भर. उठवताना सगळ्यांना पुढे पाठव, अक्षरशः नाकाकडे, कितीही आरामात बसले असले तरी, आणि बोट सपाट झाली की मग मागे या म्हणावं. आमच्याकडे हे काम माझी बायको करते, "चला पुढे, पुढे सरका" असं एसटीच्या कंडक्टरसारखं ओरडत, आणि लाज न बाळगता पाहुण्यांनाही उठवते. मागे मधली ट्रिमची पट्टी असेल तर ती सुरुवातीला वापर, नाक खाली यायला मदत होते. आणि हे सगळं करून बघताना एकेक बदल कर, चार गोष्टी एकदम बदलल्या की कशाने फरक पडला ते ब्रह्मदेवाला कळणार नाही.

आणि हो, नऊ माणसं अधिक ३००० पाउंड हे मला वाचूनच आवडलं नाही. तुझ्या बोटीवर क्षमतेची पाटी असेल, माणसं किती आणि वजन किती, ती वाच. फॅक्टरीच्या टाक्या त्यात धरल्यात की नाही ते मॅन्युअलमध्ये असतं, पण वरून आणलेल्या दोन बॅगा धरल्या नसणार हे मी न बघता सांगतो. टाहोला दुपारी वारा सुटतो, लाटा येतात, आणि नाक जड केलेल्या बोटीत पुढून पाणी आत आलं की ते बाहेर काढायला वेळ मिळत नाही. चांगला पंखा जास्त वजन भरायचं लायसन्स नाही. माणसं कमी करवत नसतील तर पाणी कमी कर.

पंखा बदलायचं काम स्वतः करशील ना? कर, अवघड नाही, पण मी काय माती खाल्ली ते ऐक. चार वर्षांपूर्वी डेल्टात एका ओंडक्याला पंखा लागला. डेल्टाच्या त्या अरुंद फाट्यांमध्ये, स्लू म्हणतात त्यांना, ओहोटीला कुठे काय वर येईल सांगता येत नाही, शिवाय जलपर्णी आहेच, हो तीच, आपल्या मुळा-मुठेत आणि इंद्रायणीत माजलेली. एका पात्याचं टोक नखाएवढं दुमडलं, बस. तेवढ्याने सगळी बोट थरथरायला लागली. घरी आणून मी पंखा काढला, दुसरा होता तो बसवला, आणि घाईत शाफ्टवरच्या खाचेतली ती धातूची पट्टी, की म्हणतात तिला, ती पंखा सरकवताना मागे सरकून वर चढली. मला कळलं नाही. पंखा घट्ट बसलाय असं वाटलं, प्रत्यक्षात तो शाफ्टच्या निमुळत्या भागावर नाही, त्या कीवर अडकून बसलेला. नट आवळला, पिन घातली, हात झटकले. पाण्यात उतरवली आणि जुन्या पंख्याने थरथरत होती त्याच्या दुप्पट थरथरायला लागली. बायको म्हणाली, नवीन होता ना हा?

म्हणून मी आता असं करतो. आधी की न घालता पंखा शाफ्टवर नुसता ढकलून बसवतो, घट्ट बसला की हबच्या कडेला शाफ्टवर मार्करने रेघ मारतो. मग काढून, की खाचेत टाकून परत बसवतो. पंखा त्याच रेघेपर्यंत आला तर की जागेवर आहे, आला नाही तर की चढलीय. दोन मिनिटं लागतात. काढताना पुलर, म्हणजे पंखा ओढून काढायचं अवजार, लागतो, तो विकत घे, तीन मित्रांत काही जड नाही, हातोडा मारून पंखा काढायचा नाही, शाफ्ट वाकतो आणि मग पंख्याच्या पाचपट खर्च. आणि पुलर लावायच्या आधी नट नुसता सैल करायचा, पूर्ण काढायचा नाही. कारण निमुळत्या शाफ्टवरून पंखा सुटतो तो बंदुकीच्या बारासारखा सुटतो, नट नसेल तर सरळ तुझ्या नडगीवर, किंवा ड्राइव्हवेच्या काँक्रीटवर, आणि दोन्हीत नुकसान तुझंच. बॅटरी सुटी करून, किल्ली खिशात ठेवून मगच खाली जायचं. बसवताना पिन नवीन घालायची, जुनी सरळ करून परत नाही.

नवीन पंखा लागला की पहिल्या फेरीत काय बघायचं. दोन-तीन माणसं, टाक्या रिकाम्या, शांत पाणी, सकाळची वेळ. फुल थ्रॉटल दहा-पंधरा सेकंद, आरपीएम आणि जीपीएसचा स्पीड लिहून काढ. टाहोला ४६०० च्या वर गेलास तर बात जमली. मग भर आणि उठव. उठली की ११ मैलांना किती आरपीएम लागतात तेही लिही, ते पूर्वीपेक्षा थोडे जास्तच दिसतील, घाबरू नकोस, पिच कमी केल्यावर तेच व्हायचं, पण थ्रॉटल कमी उघडावा लागेल आणि इंजिनचा आवाज रडवेला न येता मोकळा येईल. कान तयार झाला की आकडे बघायच्या आधी कळतं. बोटीचा स्पीड कंट्रोल जीपीएसवर असेल तर काही करावं लागत नाही, जुना आरपीएमवर चालणारा असेल तर त्याची सेटिंग नव्याने करावी लागते.

टाहोला जायचं म्हणजे बोटीबरोबर बाहेरचे जीव येत नाहीत ना याची तपासणी आलीच, ती २००८ पासून आहे, आणि २०२४ मध्ये डेल्टात ते गोल्डन मसल नावाचे शिंपले सापडल्यापासून डेल्टातून येणाऱ्या बोटीकडे तर संशयानेच बघतात, आणि बरोबर आहे त्यांचं. तुझ्या त्या वजनासाठी पाणी भरायच्या बॅलास्ट टाक्या म्हणजे त्या शिंपल्यांच्या पिल्लांना फुकटची टॅक्सी. निघायच्या आधी टाक्या, बॅगा, बिल्ज (बोटीच्या तळातली पाणी साचायची जागा) सगळं कोरडं कर, आणि धुण्याची अपॉइंटमेंट आधी घे. तिथे किनाऱ्यापासून ६०० फुटांच्या आत लाट करायची नाही हेही माहिती असेलच.

पोरांचं एक सांगतो, पंख्याचाच विषय आहे. इनबोर्डला पंखा बोटीच्या पोटाखाली असतो, सुकाण्याच्या पुढे, म्हणून तिच्या मागे सर्फिंग करता येतं, मागे पंखा लटकणाऱ्या साध्या आउटबोर्डच्या बोटीमागे कधीच नाही. पण पोटाखाली आहे म्हणजे मागच्या फळीवर बसलेल्या पोराचा पाय त्याच्यापर्यंत पोचत नाही असं नाही. कुणी चढतंय-उतरतंय तेव्हा इंजिन बंद, न्यूट्रल नाही, बंद. शिवाय धूर तिथेच मागे साचतो, वास न येणारा कार्बन मोनॉक्साइड, चालत्या बोटीची फळी धरून लोंबकळायला कॅलिफोर्नियात कायद्याने बंदी आहे ती त्यासाठीच.

राहिला जुना पंखा. विकायचा नाही! त्याला विकून दीडशे डॉलर मिळतील आणि पुढच्या ओंडक्याला तुम्ही भर डेल्टात थरथरत बसाल. डेल्टात तो आणि टाहोला नवीन असे दोन्ही वापर, आणि जो बोटीला नाही तो कायम बोटीत असू दे, जुन्या सतरंजीत गुंडाळून, बरोबर पुलर, पाना, एक जास्तीची की आणि दोन-चार पिना. सतरंजीला बाहेरून दोरी बांध. माझा एकदा सुटून गडगडत पोरांच्या डब्यांवर गेला होता, थालीपिठं वाचली, दही गेलं.